विहीणबाई, लेकरू आत घ्या

तीर्थपुरी, ६ जानेवारी

विहीण इर्माबाई यांना बेबीनंदा सर्जेराव मगरे हिचा जय भीम.

आधी लेकरू आत घ्या, मंग पुढचं वाचा.

दुपारी जावयाचा फोटो आला. मला वाटलं लेकराची ढकलगाडी रिकामीच बाहेर राह्यली. कठड्यावर बर्फ, झाडावर बर्फ, गाडीच्या टपावर बर्फ. शेजारच्या शीतलनं दोन बोटांनी फोटो मोठा केला तर आतमंदी लेकराचं नाक. एवढंसं, लाल. बाकी सगळं गुंडाळलेलं. मी तिथंच उंबऱ्यावर बसले.

जावई यान्ने तर दवाखान्यात ज्योत्स्नापाशी असतो. घरात तुम्ही एकट्या. म्हणजे हे काम तुमचंच.

माझ्या लेकीचं पोट फाडून लेकरू काढलं, ते आम्ही समजून घेतलं. मंग तिच्या रक्तात जंतू गेले. ती तिकडं नळ्या लावून पडली, डोळे उघडत न्हाई, आणि तिचं लेकरू तुम्ही बर्फात टाकलं. आमच्याकडं कुत्री व्याली तरी थंडीच्या दिवसात तिच्या पिल्लाखाली पोतं टाकतात.

मला इंग्रजी येत न्हाई, तुमची भाषा तर बिलकुल न्हाई. मी चौथीपर्यंत शाळेत गेले. हे मी वहीच्या पानावर लिहिते. शेजारच्या रामरावांची नात शीतल कॉलेजात जाते, ती फोनवर टाइप करते, मंग फोन त्याचं फिनलंडच्या भाषेत करतो. शीतलला सांगून ठेवलंय, माझे शब्द गोड करायचे न्हाईत. 'टाकलं' लिहिलंय तर 'टाकलं'च टाइप कर. ती म्हणते, "काकू, त्या तुमच्या विहीण आहेत, जरा बराबर बोला." मी म्हणलं, मान-पान मंग बघू, आधी लेकरू आत येऊ दे.

मी आलेच असते. व्हिसा अडकलाय. रोज विचारते, रोज थांबा म्हणतात.

लेकराच्या कानाला फडकं बांधा. टाळूवर तेल घाला. खोली बंद ठेवा. निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी द्या. आत घेतलं का ते आजच कळवा.

बेबीनंदा

तीर्थपुरी, ७ जानेवारी

इर्माबाई, जय भीम.

तुमचं उत्तर आलं. शीतलनं वाचलं. मी म्हणलं, पुढं वाच. ती म्हणली, "एवढंच आहे."

"बाळ बाहेर चांगले झोपते. उणे आठ आहे. ते योग्य आहे. ज्योत्स्ना तशीच आहे. इर्मा."

मी एवढं पान भरून लिहिलं आणि तुम्ही बाजारात भाव सांगावा तसं सांगितलं. उणे आठ म्हणजे काय ते शीतलनं सांगितलं. पाण्याचा दगड होतो त्याच्याही खाली. आमच्याकडं जानेवारीत पहाटे दात वाजले तर बाया अंगणवाडीत लेकरं पाठवत न्हाईत, आणि ती चालती-बोलती लेकरं असतात. मी तिथं मदतनीस आहे, रोज बघते.

आणि 'तशीच' म्हणजे कशी? काल होती तशी का परवा होती तशी? ताप किती, डोळा उघडला का, कोणाचं नाव घेतलं का? माझी लेक आहे ती. जावयाला विचारलं तर तो म्हणतो, "आई, डॉक्टर बघतात." त्याला मराठी तीनच शब्द येतात, 'आई', 'पाणी' आणि 'भाकर'. बाकीचं तो इंग्रजीत बोलतो, शीतल ऐकते आणि मला सांगताना तिचं तोंड बारीक होतं. ती अर्धं गिळते असा मला वहीम आहे.

ज्योत्स्ना मागं म्हणायची, तिकडचे लोक कमी बोलतात. बसथांब्यावर पण लांब लांब उभे राहतात, बाजूचा माणूस बोलला तर घाबरतात. मला तेव्हा हसू यायचं. आता हसू येत न्हाई. आमच्याकडं माणूस असा तुटक कधी बोलतो माहीत आहे का? सांगायचं नसतं तेव्हा. माझा भाऊ गेला तेव्हा जालन्याहून निरोप आल्ता, 'तब्येत जरा जास्त आहे, या.' आम्ही पोचलो तर ताटी बांधून झाल्ती.

म्हणून मला तुमच्या एका ओळीचं भेव वाटतं.

कालच्या फोटोत मागं खिडकीच्या काचेतून एक पुठ्ठ्याचं खोकं दिसतंय, आत गादी. लेकरू त्याच्यात झोपवता का? शीतल म्हणते, तिकडं सरकार बाळंतिणीला खोकं देतं, कपडे-लत्ते भरून, आणि रिकामं झालं की त्यातच लेकरू निजवतात, मोठमोठ्या घरचेसुद्धा. सरकारनं खोकं दिलं, पाळणा द्यायला काय झाल्तं?

रात्री बाहेर ठेवत न्हाईत ना? तेवढं सांगा.

बेबीनंदा

तीर्थपुरी, ९ जानेवारी

इर्माबाई,

रात्री ठेवत न्हाई म्हणालात. ठीक.

आज शीतलनं माझी समजूत काढायला फोन उघडला. म्हणाली, "काकू, प्रत्येक देशाची रीत वेगळी असते. तिकडं लाखो लेकरं अशीच झोपतात. हे ऐका." आणि जगभरचं वाचायला लागली. तिची आजी गोजरबाई हरभऱ्याची भाजी खुडत बसली होती, ती पण ऐकत होती.

स्पेन देशातल्या एका गावात लेकरं रस्त्यावर गादी टाकून निजवतात आणि सैतानाचा वेश घेतलेला माणूस त्यांच्यावरून उडी मारतो. जपानात पैलवान लेकरं हातात धरतात, ज्याचं आधी रडलं ते नशिबाचं. ग्रीस देशात लेकराचं कौतुक केलं की लगेच त्याच्यावर थू थू करायचं. बाली म्हणून बेट आहे, तिथं नव्या लेकराचा पाय महिनोनमहिने भुईला लागू देत न्हाईत, हातोहात ठेवतात.

गोजरबाई म्हणली, "थुंकनारे लोक आपल्यातलेच दिसतेत गं."

मी म्हणलं, "बालीचे शहाणे."

"उडी मारनाऱ्याचा पाय घसरला तर?"

"आजी, शेकडो वर्षं चाललंय, कोणाचा घसरला न्हाई."

"घसरला आसंल. सांगतेत व्हय?"

शीतल हसली. मला हसू आलं न्हाई. इर्माबाई, मला त्या सगळ्यातून एकच कळलं. साऱ्या दुनियेत लेकराच्या भवती माणसं भेलेली आहेत. कोणी थुंकतं, कोणी उडी मारतं, कोणी भुईला टेकू देत न्हाई, सगळे भेवानंच करतात. तुम्ही तेवढ्या भेत न्हाईत. गाडी बाहेर ढकलता आणि 'योग्य आहे' लिहिता. मला थंडीपेक्षा त्याचंच भेव वाटायला लागलंय. ज्या घरातलं माणूस भेत न्हाई, तिथं राखण कोण करतं?

दुसरं. लेकराचं नाव अजून ठेवलं न्हाई म्हणे. मी जावयाला विचारलं, काय ठेवणार? तर शीतलनं सांगितलं, तिकडं नाव ठेवण्याच्या दिवसापर्यंत आईबाप कोणाला नाव सांगत न्हाईत, आजीलासुद्धा न्हाई. हे ऐकून गोजरबाईनं खुडलेली भाजी खाली ठेवली. म्हणली, "बेबी, जगंल का न्हाई याचा भरोसा नसला म्हंजी नाव ठिवत न्हाईत."

"आजी!" शीतल ओरडली.

"आगं मी काय वाईट बोलले? आमच्या येळंला व्हतं तसं."

मी त्यांना उठून जा म्हणलं. असं मी शेजाऱ्याला कधी बोलले न्हाई. नाव का सांगत न्हाईत ते खरं खरं कळवा.

बेबीनंदा

तीर्थपुरी, ११ जानेवारी

इर्माबाई,

जावयाचा फोन आल्ता. शीतल म्हणते, किडन्या नीट चालत न्हाईत, मशीन लावलंय. जावई बोलता बोलता थांबला. रडला न्हाई. नुसता थांबला. मी इकडून 'हॅलो हॅलो' करून राह्यले आणि तिकडून काहीच न्हाई, श्वास तेवढा ऐकू येत होता. मंग म्हणला, "आई." आणि ठेवला.

तुमच्यात रडत न्हाईत का? रडा हो. कोणीतरी रडा, म्हणजे मला कळंल कुठपर्यंत आलंय.

ज्योत्स्नाचे पप्पा संध्याकाळी विहारात वंदनेला बसले ते उठेचनात. हाताला धरून आणलं. घरी येऊन म्हणले, "तिला लहानपणी ताप आला की ती माझं बोट धरून झोपायची." मी म्हणलं, गप बसा. दुसरं काय म्हणू.

ती तुमच्या देशात धान्यावर शिकायला गेली. जालन्यात बियाण्याच्या कंपनीत बराबर नोकरी होती, मी म्हणलं हेच कर. ऐकलं न्हाई. आता हे लिहून काय उपयोग. खोडत न्हाई, शीतल, तू पण खोडू नको.

लेकरू आज बाहेर होतं का?

बेबीनंदा

तीर्थपुरी, १२ जानेवारी

इर्माबाई, हे पत्र जावयाला दाखवू नका. ज्योत्स्नाच्या पप्पाला मी दाखवलं न्हाई. शीतलला दम दिलाय.

माझ्या सासऱ्याचं नाव कचरू होतं. कचरू म्हणजे कचरा. त्यांच्या आधीची भावंडं एकामागं एक गेली. मंग हे जन्मले तेव्हा आजेसासूनं त्यांना सुपात घातलं आणि उकिरड्यावर नेऊन ठेवलं. उकिरडा म्हणजे गावाबाहेर शेणाचा, राखेचा, केरकचऱ्याचा ढीग. ठेवायचं आणि मागं न बघता निघायचं. मंग दुसऱ्या घरच्या बाईनं तिथून जायचं, "हे कोणाचं टाकलेलं लेकरू गं?" म्हणून उचलायचं आणि घरी आणून द्यायचं. मरण दारोदार लाडकी लेकरं हुडकत फिरतं. टाकून दिलेलं, कचऱ्यातलं त्याला नको असतं. म्हणून नाव पण कचरू. सासरे म्हातारे होऊन, दात पडून, माझ्या हातची कुस्करलेली भाकर खाऊन गेले.

आम्ही बौद्ध झालो तेव्हा हे सगळं सोडलं. बाबासाहेबांनी सोडायला लावलं ते बराबरच आहे. मी स्वतः अंगणवाडीत बायांना बोलते, लेकराला ताप आला तर गंडा-दोरा करत बसू नका, दवाखाना गाठा. ज्योत्स्नाला तर असलं काही चालायचंच न्हाई. पप्पाला कळलं तर ते माझ्याशी बोलायचे न्हाईत. मला लाज वाटून राह्यली. पण लाज आणि भेव एका घरात नांदत न्हाईत, भेव आलं की लाज निघून जाते.

ज्योत्स्नाला उचलून उकिरड्यावर नेता आलं असतं तर मी नेलं असतं. तिला मशीनला बांधलंय. मंग तिचं लेकरू तरी. तुमच्या घरावर मरणाची नजर आहे, ते आईकडं बघतंय का पोराकडं ते कोणाला ठाऊक. त्याला वाटू द्या, या घराला कोणाचं काही न्हाई, इथलं लेकरू कचऱ्यावर पडलंय.

मी एवढे दिवस तुम्हाला लेकरू आत घ्या म्हणून भांडले. आता मीच म्हणते, बाहेर न्या. एकदाच. उकिरड्यावर ठेवा, मागं बघू नका, आणि दुसऱ्या बाईला उचलायला सांगा.

बेबीनंदा

तीर्थपुरी, १३ जानेवारी

इर्माबाई,

तुमचं उत्तर वाचून शीतल तोंडाला ओढणी लावून बाहेर पळाली. हसायला गेली का रडायला ते मी विचारलं न्हाई.

"येथे उकिरडा नाही. सहा डबे आहेत. काच, धातू, कागद, प्लास्टिक, भाजीच्या साली, इतर. बाळाला कचऱ्याजवळ ठेवणे स्वच्छ नाही. मी ते करणार नाही."

लेकरू कोणत्या डब्यात मोडतं असं मी तुम्हाला विचारलं नव्हतं. बर्फात ठेवणं स्वच्छ, आणि घडीभर कचऱ्यावर ठेवलं तर घाण! मी तुमच्या बर्फाचं ऐकून घेतलं, 'योग्य आहे' म्हणालात तर गिळलं. तुम्ही माझं एक ऐकलं न्हाई. तुमची ती रीत आणि माझं ते येडेपण का? शीतलनं वाचून दाखवलेल्या दुनियेत उडी मारणारे चालतात, थुंकणारे चालतात, माझ्या आजेसासूचा उकिरडा तेवढा चालत न्हाई.

चिडले म्हणून लिहिते. भेले म्हणून चिडते.

तुमच्या शेवटच्या ओळी मात्र मी शीतलला परत वाचायला लावल्या. "नाव आधी सांगत नाहीत. का ते मला माहीत नाही. माझी आजी सांगत नसे. तोपर्यंत आम्ही त्याला मुरू म्हणतो. मुरू म्हणजे पावाचा चुरा."

पावाचा चुरा. ताटात राह्यलेला, कोणी न उचललेला. इर्माबाई, तुमच्या आजीला पण कशाचंतरी भेव असंल. तुम्ही विचारलं न्हाई, ती बोलली न्हाई. तुमच्यात बोलायची रीतच न्हाई.

ज्योत्स्नाचं काय? पत्रात तिचं एक अक्षर न्हाई. विसरलात का लपवलं?

बेबीनंदा

तीर्थपुरी, १४ जानेवारी

इर्माबाई,

आज आमच्या मराठवाड्यात विद्यापीठाच्या नामविस्ताराचा दिवस. ज्योत्स्नाचे पप्पा दरसाल संभाजीनगरला विद्यापीठाच्या गेटवर जातात, पायात काटा मोडला तरी जातात. आज गेले न्हाईत. ओसरीत फोन समोर ठेवून बसलेत. शेजारी गोजरबाईकडं संक्रांतीच्या पोळ्यांचा वास सुटलाय. तिनं ताट पाठवलं, कोणी हात लावला न्हाई. जिला मी उठ म्हणले, बस म्हणले, ती लेक तिकडं पडलेली, कोणाच्या घशाखाली उतरंल.

तेवढ्यात तुमचा फोटो आला.

मी आधी ओळखलंच न्हाई. अंगणात उंच तपकिरी डबा, त्याच्या झाकणावर बर्फ, आणि त्याला चिकटून लेकराची गाडी. खाली तुमच्या दोन ओळी. "सालींचा डबा. पाच मिनिटे. मी मागे पाहिले नाही. शेजारणीने उचलले. तिचे दार मी प्रथमच वाजवले. यान्नेला सांगू नका."

शीतलनं मला ओळीमागचं समजावलं. तिकडं शेजारी शेजारच्याचं दार वाजवत न्हाई. जिन्यात पावलं ऐकू आली तर लोक दाराआड थांबतात, समोरचा गेला की मंग निघतात. असल्या मुलखात तुम्ही परक्या बाईचं दार ठोकलं आणि सांगितलं, माझा नातू कचऱ्याच्या डब्यापाशी ठेवलाय, जाऊन उचलून आणा. काय वाटलं असंल तिला! काय म्हणली ती? पोलिस न्हाई ना बोलावले?

काल मी तुम्हाला नको ते बोलले. ते राहू द्या. माफी मागून होणार न्हाई.

मला वाटलं होतं, हे केलं की जरा हलकं वाटंल. वाटत न्हाई. उकिरड्याचा उपाय पण आता संपला. यापुढं करायला काही राह्यलं न्हाई, तेच जास्त भेव आहे.

बेबीनंदा

तीर्थपुरी, १६ जानेवारी

इर्माबाई,

कालपासून कोणाचा निरोप न्हाई. जावई फोन उचलत न्हाई. शीतल म्हणते मेसेजवर खूण आली न्हाई, फोन बंद असंल.

मी आज अंगणवाडीत खिचडी करपवली. लेकरांनी तशीच खाल्ली, एक पोरगं म्हणलं, "मावशी, आज धुराची आहे." अंगणवाडीच्या बाईंनी मला घरी पाठवलं. घरी येऊन काय करू. ज्योत्स्नाचे पप्पा फोनकडं बघतात, मी त्यांच्याकडं बघते. दाराशी मोटारसायकल थांबली तरी दोघं उठून बघतो.

'तशीच आहे' एवढं तरी लिहा. मागं त्या शब्दाला मी नावं ठेवली. आता तोच पाहिजे. एक शब्द. तशीच.

बेबीनंदा

तीर्थपुरी, १७ जानेवारी

इर्माबाई,

आलं. ताप उतरला.

शीतलनं वाचलं, "ताप उतरला. लघवी होते. डोळे उघडले. पाणी मागितले. मराठीत मागितले. यान्नेला समजले." तुम्ही एका वेळी एवढं लिहिलंत, मला वाटलं फोन चुकला. मी त्या पोरीला तसंच दाबून धरलं, तिची वेणी सुटली. ज्योत्स्नाचे पप्पा उठून मागच्या दारी गेले आणि तोंडावर पाणी मारत राह्यले, मारतच राह्यले.

गोजरबाई कुंपणावरून म्हणली, "झाला का न्हाई उकिरड्याचा गुण?"

मी म्हणलं, "गुण औषधाचा. डॉक्टरचा." तिला बरं वाटलं न्हाई. पण खरं तेच आहे आणि ते तुम्हालाही सांगून ठेवते. परत असलं कधी करा म्हणणार न्हाई. केलं त्याची लाजही आता वाटत न्हाई.

डॉक्टर काय म्हणतात ते पुरं लिहा. परत ताप येऊ शकतो का? मी अजून चप्पल काढून निवांत बसले न्हाई.

बेबीनंदा

तीर्थपुरी, २५ जानेवारी

इर्माबाई, जय भीम.

काल ज्योत्स्नाचा फोन आल्ता, घरून. चेहरा बघून मला ओळखू आली न्हाई, गालाची हाडं वर आलीत, केस गळालेत. आवाज तेवढा तिचा.

"आई, तू मुरूला कचऱ्यावर ठेवायला लावलंस?"

शेजारणीनं जिन्यात जावयाला सांगितलं म्हणे. न बोलणाऱ्यांना एकदा बोलायला लावलं की हे असं होतं.

मी म्हणलं, "लावलं."

"आणि पप्पा?"

"त्यांना सांगशील तर बघ."

पप्पा माझ्या मागंच उभे होते. फोन माझ्या हातातून घेतला, आणि लेकीला म्हणले, "दूध पीत जा." आणि परत दिला. रात्री जेवताना फक्त एवढंच म्हणले, "आमच्या आबांना उन्हाळ्यात ठेवलं होतं उकिरड्यावर. हे तर बर्फात." आणि भाकर मोडली.

मंग मी तिला तुमचं गाऱ्हाणं सांगितलं. म्हणलं, तू शुद्धीत नव्हतीस, तुझी सासू या एवढ्याशा जिवाला बर्फात ठेवून आत गरम घरात बसायची.

ज्योत्स्नानं मला पुरं बोलू दिलं, मधी एकदा पण तोडलं न्हाई. तिकडं राहून ती पण तशीच झालीय.

मंग म्हणली, "आई, त्या बसल्या न्हाईत."

यान्ने दवाखान्यातून कपडे न्यायला घरी यायचा, कधी सकाळी कधी दुपारी. दर खेपेला तुम्ही खिडकीपाशी उभ्या. अंगात कोट, डोक्याला टोपी, आणि पायात बूट. घरात बूट. ज्योत्स्ना म्हणते, आई, तुला कळणार न्हाई, तिकडं कोणी घरात बूट घालून पाय टाकला तर लोक मेलेल्या उंदराकडं बघावं तसं बघतात. आणि त्या सगळ्यात कडक, मला पण पहिल्या दिवशी उंबऱ्यातच थांबवलं होतं. आणि त्याच बाई बर्फाचे बूट घालून फरशीवर उभ्या, खाली पाण्याचं थारोळं. लेकरू झोपलंय तोवर हलल्या न्हाईत. यान्नेनं विचारलं, बूट का? तर म्हणल्या, "घालायला वेळ लागतो." म्हणजे लेकरू रडलं तर बूट घालण्यात जाईल तेवढा वेळ पण जायला नको.

इर्माबाई, हे तुम्ही मला का लिहिलं न्हाई? 'उणे आठ आहे, योग्य आहे' लिहिलंत. 'मी खिडकीत आहे' एवढं लिहिलं असतं तर माझ्या किती रात्री वाचल्या असत्या. मी तुम्हाला भेत न्हाई म्हणलं. तुम्ही माझ्याएवढ्याच भेलेल्या होतात, नुसत्या उभ्या राहून भेत होतात. मी बोलून भेत होते.

ज्योत्स्ना म्हणते, तुम्ही अजून तशाच उभ्या राहता. आता ती घरी आहे, जावई घरी आहे, तरी लेकरू बाहेर गेलं की तुम्ही कोट चढवून खिडकीत. ऐकत न्हाई म्हणली, तूच सांग.

मंग मीच सांगते. भेव काही लगेच जात न्हाई, माझं पण गेलं न्हाई. पण आमच्यात एक रीत आहे, ती तुम्हाला पाळावी लागंल, तुमच्या मी पाळल्या. आमच्यात विहिणीला उभं ठेवत न्हाईत. मांडवात ती आली की आधी तिला बसायला देतात, मंग बाकीचं कोणी टेकतं. लग्न तिकडं झालं, मला तुमचा मान करता आला न्हाई, तो राह्यलाय.

खिडकीपाशी खुर्ची घ्या. ज्योत्स्नाला सांगितलंय, ती लावून देईल, तिथून गाडी दिसते म्हणली.

बूट काढा, विहीणबाई. बसा.

बेबीनंदा